ब्रेकबाईंचा चिवट व्हायरस

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाडी शिकायला येणाऱ्यांनी ते पाठीमागे ठेवलं होतं, आणि कुणाची तरी जीभ घसरल्यामुळे एक दिवस ते त्यांच्या तोंडावर आलं. बाईंनी रागवायचा विचार केला, पण त्यांना ते आवडलं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच एक ब्रेक बाजूच्या सीटखालीही होता, आणि बाजूच्या सीटवर बाई असत. समोर कुत्रं आलं, की शिकणाऱ्याला कळायच्या आत गाडी उभी राही.

"मी दाबला का ब्रेक?" शिकणारा विचारी.

"तुम्हीच दाबलात. छान," बाई सांगत.

एवढं एकच खोटं त्या बोलतात, असं निदान त्यांच्या घरच्यांचं मत होतं.

त्या दिवशी गाडी चालवायला एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. आयुष्यभर ड्रायव्हर होता, आता नाही, म्हणून शिकत होते. माणूस अतिशय सज्जन, पण चौक आला की दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय वळत नसे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकत. असाच एक चौक चालू असताना बाईंचा फोन वाजला. दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी होती.

"मॅडम, तुमचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी भेटून जायला सांगितलंय."

"नॉर्मल आहे ना?"

"ते डॉक्टरच सांगतील."

फोन स्पीकरवर होता. न्यायाधीशांनी सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असा चेहरा केला होता. ते काम त्यांना सवयीनं चांगलं जमे.

"साहेब, वळा आता," बाई म्हणाल्या. "तारीख पडली माझी."

दोन वर्षांपूर्वी असाच एक फोन आला होता. गर्भाशयाच्या तोंडाशी काही पेशी बिघडल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पेशी पुढे त्या वाटेला लागल्या असत्या. डॉक्टरांनी विजेच्या तारेच्या बारीकशा कडीनं तो भाग कापून काढला. बाई तासाभरात घरी आल्या. घरी त्यांनी "पिशवीच्या तोंडाशी बारीकसं काही होतं, काढलं," एवढंच सांगितलं, चार दिवस आराम केला आणि पाचव्या दिवशी गाडीत जाऊन बसल्या. ब्याद टळली असं त्यांनी धरून टाकलं. तपासण्या मात्र नेमानं करत राहिल्या. गाडी असो नाहीतर शरीर, सर्व्हिसिंग चुकवायचं नाही, असा त्यांचा बाणा होता.

डॉक्टर म्हणजे एक बारीक आवाजाच्या, शांत बाई. बोलताना कागदावर चित्र काढायची त्यांना सवय होती आणि चित्रकला यथातथाच होती. त्यांनी एक भोपळ्यासारखं काहीतरी काढलं आणि त्याच्या देठापाशी टिंब दिलं.

"मागच्या वेळी आपण बिघडलेल्या पेशी काढल्या," त्या म्हणाल्या. "पण त्या ज्याच्यामुळे बिघडतात तो व्हायरस असा कापून काढता येत नाही. एचपीव्ही म्हणतात त्याला. शरीरच त्याला हाकलतं. बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत जातो. तुमच्याकडे तो राहिलाय."

"माझ्याकडे सगळेच राहतात," ब्रेकबाई म्हणाल्या. "सासूबाई लेकीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात आठवडाभरासाठी आल्या होत्या. लेक आता आठवीत आहे."

डॉक्टर हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. "पेशीही पुन्हा बदललेल्या दिसतायत. आत दुर्बिणीनं बघायला हवं. आजच बघू."

मग पडद्यामागे ती उंच खुर्ची, त्या दोन टांगण्या, आणि पाय कुठे ठेवायचे हे माहीत असूनही दरवेळी होणारी फजिती. डॉक्टरांनी आत कापसानं व्हिनेगर लावलं. खोलीभर सॅलडसारखा वास सुटला. बाजूच्या पडद्यावर बाईंना आपल्याच शरीराचा एक गुलाबी तुकडा दिसत होता आणि त्यावर एका बाजूला पांढरा डाग हळूहळू उमटत होता.

"तो पांढरा भाग," डॉक्टर म्हणाल्या. "तिथला एक छोटा तुकडा तपासायला घेते. जोरात खोका."

बाई खोकल्या. खोकला ओसरायच्या आत तुकडा निघाला होता. ही युक्ती बाईंना पटली. घाबरणाऱ्या शिकाऊंना त्या उतार लागताच नेमका घरचा पत्ता विचारत.

आठवड्यानं निकाल आला. पेशींच्या बिघाडाच्या पायऱ्या असतात, त्यात हा डाग मधल्या पायरीच्या वरचा होता. कॅन्सर नव्हता. पण पुन्हा काढावा लागणार होता, आणि या वेळी थोडा खोलवर.

मागच्या वेळी बाईंनी फारसे प्रश्न विचारले नव्हते. दुखेल का आणि गाडी कधी चालवू, एवढेच दोन. या वेळी त्यांनी नीट विचारलं, "हा व्हायरस येतो कुठून?"

"शरीरसंबंधातून," डॉक्टर सरळ म्हणाल्या. "ज्यांचा कधी संबंध आलाय त्यांच्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो. पुरुषांनाही आणि बायकांनाही. कळतसुद्धा नाही."

"म्हणजे हल्लीच कुठूनतरी..."

"तसं काही सांगता येत नाही. कधीकधी वीस वर्षांपूर्वी आलेला असतो आणि गप्प पडून राहतो. कुणाकडून आला हे शोधायची कुठलीही तपासणी नाही." मग त्यांनी कागदावर भोपळ्याशेजारी अजून एक टिंब दिलं. "सिगारेट ओढता का?"

ब्रेकबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"क्लच सोडताना गाडी बंद पाडणारं कुणी आलं, की त्या दिवशी."

"असे किती येतात?"

"सगळेच," बाई म्हणाल्या.

"ती सोडा. हा व्हायरस चिवट व्हायला ती फार मदत करते."

बाईंचं घर दुकानाच्या वर होतं आणि दुकान चष्म्यांचं होतं. ते त्यांच्या नवऱ्याचं. चष्मेवाले म्हणजे स्वभावानं मऊ गृहस्थ. गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर ते तसं सांगत नसत, नुसता आरसा थोडा लांब धरत. बाई आल्या तेव्हा ते भिंग डोळ्याला लावून एका काडीचा स्क्रू बसवत होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. डाग परत आलाय, पुन्हा काढायचाय, व्हायरस गेलेला नाही, आणि तो कसा येतो.

"संबंधातून म्हणजे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"संबंधातून म्हणजे संबंधातून. भिंगं पुसायच्या फडक्यातून नव्हे."

स्क्रू खाली पडला. चष्मेवाले त्याच्यामागे काउंटरखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "म्हणजे मी? तुला वाटतंय की मी?"

"मी काही म्हटलं का?"

"लग्न झाल्यापासून मी तर कधी..." इथे ते थांबले. बाईंना ते थांबणं ऐकू आलं. आपणही पटकन काही बोललो नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. काउंटरखालून चष्मेवाले बराच वेळ वर आलेच नाहीत. एवढ्याशा स्क्रूसाठी एवढा वेळ लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

जिन्यात बशी वाजली. सासूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणजे त्यांना उद्देशून बोललेलं कमी यायचं. बाकी सगळं त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येई.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी पंचायत बसली. लेकीला अभ्यासाला आत पाठवलं. सासूबाईंनी आपली खुर्ची मुलाच्या बरोबर समोर ओढली.

"बाळ्या," त्या म्हणाल्या, "कोण ती?"

"आई, कुणी नाही."

"ती फ्रेमवाली. नमुन्यांची बॅग घेऊन येते ती. ती यायची असली की तू केस विंचरतोस."

"अगं, चष्म्याचं दुकान आहे. जिकडे तिकडे आरसे आहेत. माणूस दिवसातून दहा वेळा केस विंचरणारच."

"ती यायच्या आधी अकरावी वेळ असते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, डॉक्टर म्हणाल्या की हे कधीचं आहे ते सांगताच येत नाही," बाई मध्ये पडल्या.

"तू गप्प बस. तू भोळी आहेस." सासूबाईंनी सुनेच्या हातावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी सुनेची बाजू इतक्या जोरात घेतल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं, सुनेच्या तर नव्हतंच. "बघ जरा हिच्याकडे. दिवसभर उन्हात लोकांच्या धडका चुकवत बसते. घर बघते, मुलीचं बघते. कसलं व्यसन नाही, कसली लपवाछपवी नाही. आणि हिच्या वाट्याला हे."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. काहीही न करता त्यांचा चेहरा आता पूर्ण गुन्हेगाराचा दिसायला लागला होता. ब्रेकबाईंना ते बघवेना. त्यात ते कौतुक. बाईंना रागावणं सोसत असे. कौतुकाची सवय नव्हती.

"मी सिगारेट ओढते," त्या म्हणाल्या.

 आतल्या खोलीत पुस्तकाचं पान उलटायचा आवाज येत होता तो थांबला.

"केव्हापासून?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"स्कूल काढलं तेव्हापासून. घरी नाही ओढत. डॉक्टर म्हणतात, त्यानंही हा व्हायरस ठाण मांडून बसतो."

सासूबाईंनी सुनेच्या हातावरचा हात काढून घेतला, थोडा विचार केला आणि पुन्हा ठेवला. "म्हणजे गाडीत वास येतो तो त्या न्यायाधीशांचा नव्हे तर."

"नाही."

"आणि मी त्यांच्या बायकोला सांगून बसले," सासूबाई म्हणाल्या.

त्या रात्री चष्मेवाले बाहेरच्या कोचावर झोपले. भांडण असं झालंच नव्हतं. पण कुठे झोपायचं हे ठरवायला भांडणच लागतं असं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस घरात सगळे एकमेकांशी फार अदबीनं वागले, मीठ द्या, आभारी आहे, असं. मग एका सकाळी बाई न्यायाधीशांना रिव्हर्स शिकवत असताना दवाखान्यातून पुन्हा फोन आला. बाईंनी आधी ब्रेक दाबला, मग फोन घेतला.

"मॅडम, रिपोर्टचं नाही," काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुमचे मिस्टर आलेत इथे. जात नाहीयेत."

"साहेब," बाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "आज आपण खऱ्या रस्त्यानं, खऱ्या कामाला जाऊ. आणि चौकात कुणाचंही म्हणणं ऐकायचं नाही."

न्यायाधीशांनी गाडी काढली. त्यांना इतके दिवस फक्त घाईचं कारण हवं होतं असं दिसलं. वाटेतले सगळे चौक त्यांनी एकतर्फी निकालात काढले आणि बाईंना बाजूचा ब्रेक एकदाही दाबावा लागला नाही.

दवाखान्याच्या काउंटरशी चष्मेवाले उभे होते. टाय लावून आले होते. मागे बाकांवर सात-आठ बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मासिक होतं आणि एकीचंही पान उलटत नव्हतं.

"सर, मी सांगितलं ना," मुलगी म्हणत होती, "पुरुषांसाठी ही नेहमीची तपासणी नसतेच."

"असं कसं नसते? व्हायरस दोघांना होतो म्हणता ना?"

"होतो सर. पण पुरुषांत तो शोधायची खात्रीची तपासणी नाही."

"मग मी निर्दोष आहे हे मला कळणार कसं?" चष्मेवाले म्हणाले. ते मोठ्यानं बोलले नव्हते, पण खोली लहान होती. कोपऱ्यातल्या एका बाईंनी मासिक तोंडासमोर धरलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

ब्रेकबाईंच्या मागून न्यायाधीश आत आले होते. त्यांना राहवलं नाही. "ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येतच नाही," ते म्हणाले, आणि आपण कुठे उभे आहोत ते पाहून लगबगीनं बाहेर गेले.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी दोघांनाही आत बसवलं आणि कागद पुढे ओढला. या वेळी दोन भोपळे काढले.

"हे बघा," त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "माझ्याकडे नवरा-बायको येतात आणि मला न्यायनिवाडा करायला लावतात. मला तो करता येत नाही. हा तुमच्याकडून यांच्याकडे आला असेल, किंवा यांच्याकडून तुमच्याकडे. लग्नाआधीचा असेल. कुणीही काही वावगं न करता असेल. आता तो कुठून आला यापेक्षा यांचा डाग वेळेवर निघतोय का, एवढंच महत्त्वाचं."

"निघेल ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"निघेल. परत येणार नाही याची हमी मात्र मी देत नाही. आला तर दिसेल, कारण या तपासणी चुकवत नाहीत."

न्यायाधीश बसनं घरी गेले होते. गाडीच्या चाव्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या होत्या. ब्रेकबाईंनी गाडी घेतली, चष्मेवाले बाजूच्या सीटवर बसले. घराच्या रस्त्याला न लागता बाईंनी गाडी बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे त्या नव्या लोकांना पहिला धडा देत. जमिनीवर चुन्याच्या रेघा होत्या आणि आडवे पडलेले दोन-तीन रिकामे डबे. सासूबाईंचे कान पोचणार नाहीत अशी गावातली ही एकच जागा.

"तू त्या दिवशी काउंटरखाली थांबलास," बाई म्हणाल्या. "'लग्न झाल्यापासून कधी' म्हणालास आणि थांबलास."

चष्मेवाल्यांनी टाय सैल केला. "लग्नाच्या आधी. कॉलेजात होतो. ती माझ्या वर्गात होती."

"एकदाच?"

"दोनदा."

"दुसऱ्या वेळीही तीच होती ना?"

"हो, तीच," चष्मेवाले दुखावून म्हणाले. "सांगायला हवं होतं. पण कधी सांगणार? लग्न ठरताना तू विचारलं नाहीस, आणि नंतर विषय निघाला नाही. पंधरा-सोळा वर्षं विषयच निघाला नाही."

बाईंना आता गप्प बसणं सोपं होतं. नवरा स्वतःहून दोषी ठरत होता, सासूबाई बाजूनं होत्या, त्यांनी नुसतं 'असू दे' म्हटलं असतं तरी मोठेपणा पदरात पडला असता. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"माझाही होता एक," त्या म्हणाल्या. "मी वर्कशॉपमध्ये गाड्यांचं काम शिकायला जायचे ना, तिथला. मेकॅनिक होता."

"दोनदा?"

"दीड वर्ष."

चष्मेवाले समोरच्या डब्यांकडे बघत राहिले. बराच वेळ त्यांच्या मनात काहीतरी हिशेब चालला होता आणि तो कुठेच जुळत नव्हता. "दीड वर्ष," ते म्हणाले. "आणि मी तीन दिवस कोचावर झोपलो."

"तुला कुणी सांगितलं होतं झोपायला?"

"मला वाटलं तुला तसं वाटत असेल."

"मला वाटलं तुला माझा राग आलाय."

"गाडी त्यानंच शिकवली का तुला?"

"हो."

"चांगली शिकवली," चष्मेवाले नाइलाजानं म्हणाले. बाईंना हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. चष्मेवालेही हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा पाय बाजूच्या ब्रेकवर जोरात पडला, गाडी उभीच असताना. त्यावर दोघं पुन्हा हसले.

पण बाईंचं हसू मध्येच वाकडं झालं. "मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "काढलं आणि परत आलं. आता पुन्हा काढायचं. किती वेळा कापणार? ते कापून संपलं की मग पिशवीच काढायची. आणि तरी तो व्हायरस तिथेच कुठेतरी बसलेला. मी सगळं वेळेवर केलं रे. एक तपासणी चुकवली नाही. मग माझ्याकडेच का राहावा तो?"

 चष्मेवाल्यांनी हळूच बाईंचा चष्मा काढला, खिशातलं मऊ फडकं घेतलं आणि दोन्ही काचा सावकाश पुसल्या. मग काड्या थोड्या वाकवून बघितल्या, डावी काडी सैल होती ती घट्ट केली, आणि चष्मा पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला.

"मी येतो त्या दिवशी," ते म्हणाले. "बाहेर बसतो. मासिकं वाचतो."

"टाय लावून येऊ नकोस."

"आणि आईला काय सांगायचं?"

"हेच, की कुठून आलं ते कळत नाही."

"न कळणं आईला चालत नाही," चष्मेवाले म्हणाले.

ते खरंच होतं. सासूबाईंना समजवायला दोघांचे दोन दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनी काढलेले दोन भोपळे दाखवले तेव्हा त्यांनी ते लांब धरून बघितले, जवळ धरून बघितले आणि म्हणाल्या, "बरं. फ्रेमवालीला चहा देईन मी. पण अर्धा कप."

सिगारेट सुटायला मात्र फार त्रास झाला. बाईंची चिडचिड एवढी वाढली की आठवड्यात दोन शिकाऊ दुसऱ्या स्कूलला गेले. सासूबाई रोज सकाळी गाजराचे लांब तुकडे करून डब्यात भरून देत. न्यायाधीशांना त्यातलं अर्धं मिळे. ते गाजर बोटांत नेमकं सिगारेटसारखं धरून खात आणि चौकात डोळे मिटून विचार करत. ते पाहून बाईंना आणखीच सिगारेट ओढावीशी वाटे.

ऑपरेशनच्या दिवशी बाई त्या उंच खुर्चीवर बसल्या. नर्सनं सांगितलं, भूल फक्त त्या भागापुरती देणार, तुम्ही जाग्याच राहाल.

"जागीच राहू दे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातात गाडी असली की मला झोप लागत नाही."

"आता टोचेल," डॉक्टर म्हणाल्या. "छातीत थोडं धडधडेल, ते औषधाचं असतं. घाबरू नका."

धडधडलं. बाईंना वाटलं आपलं काळीज चढावर पहिल्या गिअरमध्ये चाललंय. मग कुठलंसं यंत्र घर्र घर्र करायला लागलं, केर ओढायच्या यंत्रासारखं.

"हे काय?"

"तारेनं पेशी जळतात तेव्हा धूर होतो. तो ओढून घेण्याचं यंत्र आहे."

"म्हणजे मी सोडली आणि तुम्ही ओढताय," ब्रेकबाई म्हणाल्या.

नर्सला हसू आवरेना. डॉक्टरांचा हात क्षणभर थांबला. "मला हसवू नका," त्या म्हणाल्या. "हातात तार आहे."

मग बाईंनी वर पाहिलं. छतावर एक ओलीचा डाग होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना एकदम रडू आलं, म्हणजे नुसतं डोळ्यांच्या कडांनी वाहायला लागलं. नर्सनं काही न बोलता ते टिपलं. काम संपलं तेव्हा बाहेर चष्मेवाले एका मासिकातलं केकचं पान उघडून बसले होते. बाजूच्या बाईशी त्यांची ओळख झाली होती आणि तिच्या चष्म्याचा नंबर चुकलाय असं त्यांचं ठाम मत होतं.

काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या. डाग पूर्ण निघून आला होता, आत काही राहिलं नव्हतं. बाई काही दिवस घरी राहिल्या. तेवढ्यात सासूबाईंनी स्कूलचा फोन सांभाळला आणि फोन करणाऱ्या प्रत्येक बाईला, गाडी शिकायची तर शिकाल, पण ती तपासणी केली आहे का, असं आधी विचारलं. तीन जणींनी फोन ठेवला. चौथीनं दवाखान्याचा पत्ता मागितला. स्वतः सासूबाईंनी जन्मात कधी तपासणी केली नव्हती हे त्यातून उघडकीला आलं आणि सुनेनं त्यांना हाताला धरून नेलं. त्यांचा रिपोर्ट अगदी स्वच्छ निघाला. तो त्यांनी महिनाभर पर्समध्ये ठेवला आणि दोनतीन जणींना दाखवलाही.

सहा महिन्यांनी बाईंची तपासणी झाली. पेशी ठीक होत्या. दुर्बिणीखाली, व्हिनेगर लावूनही कुठे पांढरं दिसलं नाही. पण व्हायरस तिथेच होता.

"अजून?" बाई म्हणाल्या.

"अजून," डॉक्टर म्हणाल्या. "पण नुसता बसलाय. काही करत नाहीये. आपण वर्षानं बघू."

पुढच्या वर्षी तो दिसला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी बाई कागद हातात घेऊन बाहेर आल्या. बाकावर चष्मेवाले, सासूबाई आणि लेक असे ओळीनं बसले होते. लेकीला याच व्हायरसची लस द्यायची होती, म्हणून सगळेच आले होते.

"आहे," बाईंनी सांगितलं. "पण उपद्रव नाही."

चष्मेवाल्यांनी सरकून जागा केली. बाई बसल्या. लेक म्हणाली, "म्हणजे वर्षभर तुला कुणी काही करणार नाही?"

"नाही."

"मग चांगलंच आहे की," लेक म्हणाली. तिला परवा गणिताचा पेपर होता.

नर्सनं लेकीला बोलावलं. तिच्याबरोबर आत कोण जाणार यावर आई आणि आजीचं थोडं झालं आणि शेवटी दोघीही गेल्या. नर्स दंडाला स्पिरिट लावत असताना आजीला वाटलं, नातीला आता नीट समजवून सांगायला हवं. त्यांनी घसा साफ केला.

"हे बघ, ही लस कशासाठी असते, तर एक व्हायरस असतो. तो कसा येतो म्हणशील, तर माणसं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, किंवा होत नाहीत..."

"आजी," लेक म्हणाली, "मला माहितीये सगळं. माझ्या खोलीचं दार नीट लागत नाही."

आई आणि आजी एकमेकींकडे बघायचं टाळून दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघू लागल्या.

"सगळं म्हणजे?" बाईंनी जपून विचारलं.

"फ्रेमवाली, सिगारेट, सगळं," लेक म्हणाली. तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही आली. "झालं? मला तर काही कळलंच नाही."

"दुसरा डोस पुढे आहे," नर्सनं सांगितलं आणि कापूस दाबून धरायला दिला.

घरी जाताना लेक पुढे बसायचा हट्ट धरून बसली, म्हणून चष्मेवाले आईशेजारी मागे बसले. सासूबाईंनी सगळ्यांना गाजर वाटलं. बाईंनी आरसा नीट केला, मागे पाहिलं, आणि गाडी गर्दीत घातली.